दोन फॅक्टर कमी, पण दोष तिसऱ्याच जीनमध्ये: एलमॅन-१ ची गोष्ट

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे नवीन वाचणाऱ्यांना कळेल. विचारणाऱ्या ताईंच्या बहिणीची मुलगी १९ वर्षांची आहे, पाळी सुरू झाल्यापासून तिच्या अंगावरून खूप जातं, मागच्या वर्षी अक्कलदाढ काढली तर पाच दिवस रक्त थांबेना. तेव्हा एका ठिकाणी सौम्य हिमोफिलिया ए, म्हणजे फक्त फॅक्टर आठ कमी असण्याचा आजार, असं लिहून दिलं. आता दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यापासून सगळं तपासलं तर रक्त गोठवणारे दोन फॅक्टर कमी, फॅक्टर पाच ११ टक्के, फॅक्टर आठ १४ टक्के, आणि जनुकीय रिपोर्टमध्ये एलमॅन-१ नावाच्या जीनच्या दोन्ही प्रतींत दोष, खाली एक ओळ की हे पेशीतल्या प्रोटीनच्या वाहतुकीत भाग घेणारं मेंब्रेन प्रोटीन आहे. मुलीचे आईवडील आते-मामे भावंडं आहेत. ताई विचारतात की हे प्रोटीन रक्तात नसतंच तर रक्त का थांबत नाही, मुलीला हिमोफिलिया कसा झाला, आणि पुढे लग्न, बाळंतपण कसं होणार. शेवटी जाता जाता लिहिलंय की तिच्या धाकट्या भावाचं टॉन्सिलचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय पण त्याला कधी काही त्रास झालेला नाही. त्या शेवटच्या ओळीकडे मी नंतर येतो, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

ताई, पहिली गोष्ट, तुमच्या भाचीला हिमोफिलिया ए नाहीये. तिला जे आहे त्याला फॅक्टर पाच आणि आठची एकत्र कमतरता म्हणतात, हा वेगळा आजार आहे, त्याची कारणं वेगळी, आनुवंशिकता वेगळी आणि उपचारसुद्धा अर्धे वेगळे. ती फाईल जिथे जिथे जाईल तिथे वरचं जुनं लेबल आधी बदलून घ्या कारण रात्री दोन वाजता इमर्जन्सीत जो डॉक्टर ती फाईल उघडेल तो पहिली ओळ वाचून औषध देणार आणि पहिली ओळ चुकली तर मुलीला निम्माच उपचार मिळणार.

आता मूळ प्रश्न. रक्त गोठवणारे फॅक्टर रक्तात फिरतात हे खरं पण ते रक्तात तयार होत नाहीत. फॅक्टर पाच मुख्यतः यकृताच्या पेशीत बनतो, फॅक्टर आठ यकृतातल्याच बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीत आणि शरीरातल्या इतर काही अस्तरपेशीत. बनतो म्हणजे कुठे तर पेशीच्या आत ईआर म्हणून जो पडद्यांचा पसारा असतो तिथे, शाळेत आपण त्याला आंतर्द्रव्यजालिका म्हणून पाठ केलं होतं. तिथे प्रोटीनची लांबलचक साखळी आत शिरते, घडी पडते, साखरेच्या साखळ्या चिकटवल्या जातात, आणि मग तिथून तो माल गॉल्गी नावाच्या पुढच्या कप्प्याकडे जातो, गॉल्गीतून पेशीबाहेर, बाहेर म्हणजे रक्तात. ईआर आणि गॉल्गी यांच्या मध्ये एक थांबा असतो, त्याला मधला कप्पा म्हणू. एलमॅन-१ हे प्रोटीन ईआर आणि हा मधला कप्पा यांच्यात आयुष्यभर येरझाऱ्या घालत असतं. ईआरमध्ये माल उचलायचा, मधल्या कप्प्यात उतरवायचा, रिकामं परत यायचं. स्वतः ते कधी पेशीबाहेर पडत नाही, म्हणून रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही आणि म्हणूनच तुम्हाला प्रश्न पडला की याचा रक्ताशी काय संबंध.

मी पेशंटच्या घरच्यांना समजावताना मार्केट यार्डाचं उदाहरण देतो. ट्रकमधून गाळ्यात माल उतरवताना लहान पिशव्या, करंड्या कुणीही उचलून नेतो, पण शंभर किलोचं पोतं असेल तर हमालच लागतो आणि हमालाच्या हातात हुक लागतो, तो हुक तागाच्या विणीत अडकतो तेव्हा कुठे पोतं पाठीवर येतं. पेशीतही तसंच आहे. अल्ब्युमिनसारखी प्रोटीनं बरीचशी आपली आपण प्रवाहाबरोबर बाहेर जातात. फॅक्टर पाच आणि आठ मात्र अवाढव्य, प्रत्येकी दोन हजारांहून जास्त अमिनो आम्लांची साखळी आणि वर साखरेच्या साखळ्यांचं जंजाळ. ही पोती उचलणारा हमाल म्हणजे एलमॅन-१. आणि हुक म्हणजे एमसीएफडी-२ नावाचं दुसरं छोटं प्रोटीन, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि एलमॅनला चिकटून राहतं. दोघं मिळून एक जोडी आहे, दोघांपैकी कुणीही नसला तर परिणाम सारखाच, पोती ईआरमध्येच पडून राहतात. अजून एक गोष्ट जी मला फार आवडते ती म्हणजे एमसीएफडी-२ ला ईआरमध्ये थांबायची स्वतःची काहीच खूण नसते, ते फक्त एलमॅनला धरून तिथे टिकतं, एलमॅन नसेल तर ते सरळ पेशीबाहेर वाहून जातं. हमाल गेला की हुकही रस्त्यावर.

एलमॅनची रचना बघितली की कळतं की एवढासा रेणू किती विचारपूर्वक बांधल्यासारखा आहे. एकूण ५१० अमिनो आम्लं, वजन ५३ किलोडाल्टन, म्हणून जुन्या पेपरांत त्याचं नाव अर्जिक-५३ असं दिसेल, तुमच्या रिपोर्टमध्ये कंसात तेच असेल तर गोंधळू नका, दोन्ही एकच. त्याचं मोठं डोकं ईआरच्या आतल्या बाजूला, मग एक मान, मग पडद्यातून एकदाच आरपार जाणारा छोटा तुकडा, आणि पडद्याच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे पेशीद्रवात, फक्त १२ अमिनो आम्लांची शेपटी. या शेपटीच्या शेवटच्या चार अक्षरांत जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन्ही तिकिटं लिहिलेली आहेत. शेवटची दोन फेनिलअलानिन आहेत, ती बघून बाहेर जाणाऱ्या गाडीचं आवरण, ज्याला कॉप-टू म्हणतात, एलमॅनला आत बसवून घेतं. त्याआधीची दोन लायसिन आहेत, ती बघून परत आणणारं कॉप-वन त्याला ईआरमध्ये आणून सोडतं. बारा अक्षरांची शेपटी आणि तिच्यात परतीसकट सगळा प्रवास. शिवाय एकटं एलमॅन काम करत नाही, अनेक रेणू एकमेकांना बांधून घेतात आणि टोळीने उचलतात.

डोक्याकडचा भाग साखर ओळखतो, मॅनोज नावाची साखर. अशा साखर ओळखणाऱ्या प्रोटीनना लेक्टिन म्हणतात आणि एलमॅनचं डोकं ज्या घराण्यातलं आहे ते घराणं मूळ कळलं ते शेंगांमुळे. कोकणातल्या लोकांना अबईच्या शेंगा माहीत असतील, त्याच जातकुळीतल्या जॅक बीनच्या बियांतलं लेक्टिन या घराण्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाऊ नये म्हणतात तेही याच घराण्यातल्या एका लेक्टिनमुळे, ते तांबड्या पेशींचे गठ्ठे करतं आणि पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. म्हणजे शेंगेच्या बीत जी घडण आहे तीच घडण माणसाच्या यकृतात फॅक्टर आठची साखर चाचपून बघायला वापरली जातेय. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ दोन्हींच्या आकृत्या शेजारी ठेवून बघत बसलो होतो.

ईआरमध्ये कॅल्शियम भरपूर असतं म्हणून तिथे पकड घट्ट बसते. मधल्या कप्प्यात वातावरण थोडं आम्लधर्मी होतं, कॅल्शियम कमी होतं, पकड सैल पडते आणि माल आपोआप उतरतो. कुणी हुक सोडवायला लागत नाही.

मग तुम्ही विचाराल की एलमॅन तर सगळ्या पेशींत आहे, मग सगळंच का बिघडत नाही. हा प्रश्न आम्हालाही पडतो. एलमॅन आणखी काही प्रोटीनं उचलतं हे दाखवलं गेलंय, उदाहरणार्थ अल्फा-१ अँटीट्रिप्सिन आणि पेशीतली काही कॅथेप्सिनं, इतकंच काय काही विषाणूसुद्धा, एबोलाच्या घराण्यातले, कोरोनाच्या घराण्यातले, स्वतःचे कण नीट बनवायला याच प्रोटीनचा वापर करून घेतात असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. पण माणसात एलमॅन पूर्ण बंद पडलं तरी प्रत्यक्षात त्रास दिसतो तो फक्त रक्तस्रावाचा. बाकीच्या मालाला दुसऱ्या वाटा आहेत. आणि पाच-आठलाही वाट पूर्ण बंद होत नाही, म्हणून या पेशंटमध्ये दोन्ही फॅक्टर शून्यावर कधी जात नाहीत, साधारण ५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान राहतात. तुमच्या भाचीचे ११ आणि १४ अगदी त्यातच बसतात. म्हणूनच हा आजार सहसा जिवावर बेतत नाही, सांध्यात आपोआप रक्त साचणं जे खऱ्या तीव्र हिमोफिलियात होतं ते इथे क्वचित. इथे त्रास होतो तो नाकातून, हिरडीतून, पाळीत, दात काढल्यावर, ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर.

याचा इतिहासही थोडा सांगतो कारण त्यातून हे निदान का चुकतं ते कळतं. दोन्ही फॅक्टर एकत्र कमी असलेले पेशंट १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदा नोंदले गेले. तेव्हापासून कोडं होतं की फॅक्टर पाचचा जीन १ नंबरच्या क्रोमोसोमवर, आठचा एक्स क्रोमोसोमवर, दोघांचा एकमेकांशी पत्त्याने काही संबंध नाही, मग घरातल्या त्याच भावंडांत दोन्ही एकदम कमी कसे. १९८० मध्ये एक उत्तर आलं की रक्तात या दोघांना तोडणारं जे प्रोटीन सी आहे त्याला आवरणाराच कमी आहे म्हणून दोघं तुटून जातात, ऐकायला पटणारं होतं पण पुढच्या तपासण्यांत ते टिकलं नाही, आवरणारा नीट होता. दरम्यान १९८८ साली स्वित्झर्लंडमध्येच, बाझलला, हान्स-पेटर हाउरी यांच्या लॅबने ईआर-गॉल्गीच्या मधल्या कप्प्याची खूण म्हणून हे ५३ किलोडाल्टनचं प्रोटीन शोधलं होतं, त्यांना ते पेशीतले कप्पे ओळखायला हवं होतं, रक्ताशी त्यांचा काही संबंध नव्हता. म्हणजे आजार त्याच देशात नोंदलेला, प्रोटीनही त्याच देशात सापडलेलं, आणि दोघांची गाठ पडायला १९९८ उजाडलं, तीही अमेरिकेत मिशिगनला, विल्यम निकोल्स, डेव्हिड गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे. त्यांनी मध्यपूर्वेतल्या ज्यू कुटुंबांचे नमुने घेऊन दोष १८ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे हे आधी शोधलं आणि मग तिथे एलमॅनचा जीन सापडला. सगळ्या कुटुंबांत मात्र एलमॅन बिघडलेलं नव्हतं, काहींत ते अगदी ठीक होतं, त्यामुळे दुसरा कुणीतरी आहे हे कळलं आणि २००३ मध्ये तो एमसीएफडी-२ निघाला, २ नंबरच्या क्रोमोसोमवर. चव्वेचाळीस वर्षं लोक रक्तात उत्तर शोधत होते आणि उत्तर पेशीच्या आत वाहतुकीत होतं.

जगभरात बघितलं तर एलमॅनचा दोष जास्त, अंदाजे तीनात दोन कुटुंबं, उरलेल्यांत एमसीएफडी-२. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलमधून २००७ मध्ये जो अभ्यास आला त्यात भारतीय पेशंटमध्ये उलट दिसलं, एमसीएफडी-२ जास्त. त्यामुळे आपल्याकडे जीन तपासायला देताना दोन्ही एकदम मागावेत, एक निगेटिव्ह आला म्हणून फाईल बंद करू नये. तुमच्या भाचीत एलमॅनमध्येच सापडलं ते बरं झालं, शोध संपला.

आता माझं जे रोजचं काम आहे, लॅबमध्ये रक्त गोठण्याच्या तपासण्या करायचं, त्याबद्दल. हल्ली सगळं मशीनवर होतं पण मी शिकलो तेव्हा हाताने करायचो आणि अजूनही रिपोर्ट विचित्र आला की मी एकदा हाताने करून बघतो. ३७ डिग्रीच्या पाण्यात काचेची छोटी नळी, त्यात पेशंटचा प्लाझ्मा म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव, त्यात रिएजंट, मग कॅल्शियम घातलं की स्टॉपवॉच सुरू, आणि नळी दिव्यासमोर हळूहळू तिरकी करत बसायचं. नॉर्मल प्लाझ्मा असेल तर तीस सेकंदांच्या आसपास आधी एक बारीक धागा दिसतो आणि पुढच्या क्षणी सगळं एकदम थिजतं, दही लागल्यासारखं. अशा पेशंटचा प्लाझ्मा मात्र साठ सेकंद झाले, पासष्ट झाले तरी पाण्यासारखा इकडून तिकडे पळत असतो आणि मग कधीतरी सत्तरच्या आसपास ढिलीशी गुठळी येते. ही झाली एपीटीटी. आता नुसती एपीटीटी वाढलीय, फॅक्टर आठ कमी आलाय, एवढ्यावर हिमोफिलिया ए लिहायचा मोह कुणालाही होतो, आणि इथेच चूक होते. कारण हिमोफिलियात दुसरी तपासणी, पीटी, नॉर्मल असते. फॅक्टर पाच कमी असेल तर पीटीसुद्धा वाढते. तुमच्या भाचीच्या जुन्या रिपोर्टचा फोटो तुम्ही टाकलाय त्यात पीटी १९ सेकंद आहे, कंट्रोल म्हणजे नॉर्मल प्लाझ्माची वेळ १३. म्हणजे उत्तर त्याच कागदावर होतं, बघायचं राहिलं. शिवाय मुलगी आहे आणि आईवडील नात्यातले आहेत, ही दोन्ही कारणं थांबून विचार करायला पुरेशी होती. मी नवीन मुलांना एवढंच सांगत असतो की फॅक्टर आठ कमी दिसला की त्याच प्लाझ्मातून पाचही मोजा, खर्च थोडा वाढतो पण एखाद्याचं आयुष्यभराचं लेबल त्यावर ठरतं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती तितकीच महत्त्वाची. पाच आणि आठ हे दोन्ही नाजूक फॅक्टर आहेत, बाहेर ठेवलेल्या नमुन्यात सगळ्यात आधी हेच दोन मरतात. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तालुक्याच्या गावातून एक नमुना आमच्याकडे आला, निळ्या झाकणाची नळी, प्लाझ्मा वेगळा न करता तशीच साध्या डब्यात घालून एसटीने पाठवलेली, सकाळी काढलेलं रक्त दुपारी चारला हातात आलं. पाच कमी, आठ कमी, पीटी वाढलेली, एपीटीटी वाढलेली, अगदी पुस्तकातल्यासारखा हाच आजार. कागदावर वेळ लिहिली होती म्हणून माझ्या सहकारी बाईंना शंका आली, त्या म्हणाल्या सर हे मी सही करून पाठवणार नाही, मुलाला इथे बोलवा. मुलगा आला, ताजं रक्त काढून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा केला, दोन्ही फॅक्टर नॉर्मल. त्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन अडलं होतं ते झालं. तेव्हापासून वेळ लिहिलेली नसेल तर आम्ही ही तपासणी घेतच नाही. म्हणून ज्या कुणाचा असा रिपोर्ट आलाय त्यांनी घाबरण्याआधी विचारा की रक्त किती वाजता काढलं, प्लाझ्मा किती वाजता वेगळा केला, आणि लगेच तपासलं नसेल तर गोठवून ठेवला होता का. नळी खुणेपर्यंत भरलेली होती का हेही विचारा, कमी भरली तर आतलं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, जास्त होतं आणि वेळ खोटी वाढते. तुमच्या भाचीचा दोनदा वेगवेगळ्या दिवशी केलाय आणि जीनही जुळलाय त्यामुळे तिथे शंका नाही.

दुसऱ्या आजारांशी गल्लत होऊ नये म्हणून थोडक्यात. यकृत खराब असेल तर फॅक्टर पाच कमी होतो पण आठ नॉर्मल किंवा उलट वाढलेला असतो कारण तो यकृताच्या मुख्य पेशीत बनतच नाही. व्हिटॅमिन के कमी असेल तर दोन, सात, नऊ, दहा कमी होतात, पाच-आठ ठीक असतात. मोठ्या इन्फेक्शनमध्ये रक्तात सगळीकडे गुठळ्या होऊन फॅक्टर संपतात तेव्हा पाच-आठ दोन्ही कमी होऊ शकतात पण तेव्हा प्लेटलेट आणि फायब्रिनोजेनही घसरलेले असतात आणि पेशंट आजारी दिसतो, कॉलेजला जात नसतो.

उपचाराबद्दल सरळ सांगतो. यकृताच्या पेशीत नवीन हमाल नेऊन ठेवायची सोय अजून नाही, आपण फक्त माल बाहेरून देऊ शकतो. आठ नंबरचं इंजेक्शन मिळतं. पाच नंबरचं वेगळं इंजेक्शन बाजारात मिळत नाही, त्यासाठी ताजा गोठवलेला प्लाझ्मा म्हणजे एफएफपीच द्यावा लागतो, किलोला १५ ते २० मिली, एक पिशवी साधारण दीडदोनशे मिलीची म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला चार-पाच, कधी सहा पिशव्या. एवढं पाणी शरीरात जातं म्हणून सावकाश आणि लक्ष ठेवून द्यावं लागतं, अंगावर पित्त उठणं, थंडी वाजणं होऊ शकतं. दाढ काढल्यावर तुमच्या भाचीला फक्त आठ दिला, पाच ११ टक्क्यांवरच राहिला, आणि म्हणून पाच दिवस रक्त गळत राहिलं, ते इंजेक्शन खोटं नव्हतं किंवा मुलीच्या अंगाला लागलं नाही असंही नव्हतं, निम्मी बाजू भरलीच नव्हती. पुढच्या वेळी दोन्ही द्यायचे. त्यात हिशोब असा की आठ शरीरात साधारण १२ तासांत निम्मा होतो आणि पाच साधारण ३६ तासांत, त्यामुळे आठ वारंवार लागतो, प्लाझ्मा दिवसाआड किंवा रोज एकदा, ते प्रत्यक्ष मोजून डॉक्टर ठरवतील. डेस्मोप्रेसिन नावाच्या औषधाने काहींचा आठ वाढतो पण पाचवर त्याचा परिणाम नाही.

रोजच्या आयुष्यात याची फार गरज पडत नाही. पाळीसाठी ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या त्या त्या दिवसांपुरत्या, त्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने हार्मोनच्या गोळ्या, आणि हिमोग्लोबिन दर काही महिन्यांनी बघा कारण इतकी वर्षं जास्त गेलंय तर लोह नक्कीच रिकामं असेल, मला तर तिचा थकवा जो तुम्ही लिहिलाय तो त्याचाच वाटतो. डोकेदुखी, अंगदुखीला ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल. कुल्ल्यात किंवा दंडात खोल टोचायची इंजेक्शनं टाळा, लस लागली तर बारीक सुई आणि नंतर पाच-दहा मिनिटं दाबून ठेवणं.

लग्नाचं. हा दोष हिमोफिलियासारखा एक्सवर नाही, १८ नंबरवर आहे, म्हणून मुलगा-मुलगी दोघांना सारखाच होतो आणि त्यासाठी आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या याव्या लागतात. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत पिढ्यान्पिढ्या आहे, मी त्याबद्दल कुणाला दोष देत नाही, तुमच्या बहिणीने आणि मेव्हण्यांनी काही चूक केलेली नाही, दोघं स्वतः ठणठणीत आहेत कारण एक चांगली प्रत पुरते. पण एकाच आजोबा-आजीकडून तोच दोष दोन्ही बाजूंनी आला की असं होतं. भाचीने नात्याबाहेर लग्न केलं तर तिची सगळी मुलं वाहक होतील, म्हणजे एक प्रत बिघडलेली पण स्वतः ठणठणीत, आजारी होण्याची शक्यता फार कमी, कारण हा आजार साधारण दहा लाखांत एक इतका दुर्मीळ आहे. नात्यातच ठरत असेल तर मुलाची एलमॅनची तपासणी आधी करा, भाचीतला नेमका बदल माहीत आहे त्यामुळे ती तपासणी सोपी आहे. बाळंतपण होऊ शकतं, होतं. गरोदरपणात आठ आपोआप वाढतो, पाच तसा वाढत नाही, म्हणून बाळंतपणाच्या वेळी आणि नंतरच्या दिवसांत रक्तस्राव होऊ शकतो, तर जिथे रक्तपेढी आहे आणि फॅक्टर मोजता येतात अशा मोठ्या हॉस्पिटलमध्येच नाव घाला आणि शेवटच्या तीन महिन्यांत दोन्ही मोजून प्लाझ्माची तयारी आधी करून ठेवा. सासरी काय सांगायचं हे तिने ठरवावं पण नवऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

आता ती शेवटची ओळ, धाकट्या भावाची. त्याला कधी त्रास झाला नाही असं तुम्ही म्हणता पण मुलाला पाळी येत नाही, त्याचा दात काढलेला नाही, मोठं कापलेलं नाही, म्हणजे त्याच्या रक्ताची परीक्षा झालेलीच नाही. सख्खा भाऊ आहे, त्यालाही हाच आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. आणि टॉन्सिल ही अशी जागा आहे जिथे बाहेरून दाबून रक्त थांबवता येत नाही, कधी कधी आठवड्याने खपली निघते तेव्हा घरी रक्त सुरू होतं, मुलं झोपेत ते गिळतात आणि सकाळी काळी उलटी होते तेव्हा आईला कळतं. तपासणीशिवाय हे ऑपरेशन होऊ देऊ नका. सर्जनना आजच फोन करून बहिणीचं निदान सांगा, ते स्वतःच थांबतील. त्याची पीटी, एपीटीटी आणि सोबत फॅक्टर पाच, आठ, आणि बहिणीत सापडलेला तोच एलमॅनचा बदल एवढं करा. मुंबईत असाल तर परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था, सगळे एनआयआयएच म्हणतात ती, अशाच आजारांचं काम करते, तिथे चौकशी करा. मुलाला सोबत घेऊन जा, रक्त तिथेच काढू द्या, गावातून नळी पाठवू नका, आणि बहिणीच्या रिपोर्टची झेरॉक्स बरोबर ठेवा, जनुकीय रिपोर्टचं पान नक्की, त्यावर नेमका कुठला बदल आहे ते लिहिलेलं असतं. फॅक्टरचे आकडे आले की इथेच लिहा, रक्त किती वाजता काढलं तेही लिहा, मी बघतो.